मोऱ्याची लाइन

मोरा गावच्या दवाखान्यातून व्हिडिओ कॉलवर येणारा आवाज आणि चित्र आठवडाभर फाटत होतं. घणसोलीच्या हॉस्पिटलात बसलेल्या डॉक्टर राजेश्वरीला तिथले पेशंट स्क्रीनवर तपासता येईनात. शेवटी एका दुपारी नेटवर्क इंजिनीअर अफशाने हॉस्पिटलात येणाऱ्या फायबरच्या तोंडाशी नको तो प्रकाश अडवणारा फिल्टर बसवला आणि स्क्रीनवर एक म्हातारी लख्ख दिसू लागली.

"छातीत दुखतंय, बाय," ती म्हणाली. राजेश्वरीने तिची विचारपूस सुरू केली.

तेवढ्यात अफशाचा मोबाइल वाजला. लाइनच्या मोऱ्याकडच्या टोकाचं काम बघणारा नजीब होता. "सॉरी यार, ट्रॅफिकमध्ये अडकलो, आत्ता पोचलो. इथे सकाळीच जेसीबीने फायबर तोडलंय. मी जोडेपर्यंत तुला कोणी दिसणार नाय."

स्क्रीनवर म्हातारी खोकत होती. अफशाचा हात आपोआप फिल्टरकडे गेला.

"त्यो काढू नको गो पोरी," म्हातारी थेट तिच्याकडे बघत म्हणाली. "कवाधरनं बोलतंय मी. आज पयल्यांदा कुनी आयकला."

राजेश्वरी खाली मान घालून औषध लिहीत होती. अफशाने हात मागे घेतला.

"नजीब," ती हळूच म्हणाली, "इतक्यात जोडू नकोस."