पांढऱ्या फितीवाले

"पांढरी म्हणजे पांढरीच. हिरवी मागून मिळत नसती, शहबाज. हात पुढं कर."

शहबाजनं हात पाठीमागं घेतला. "मला खुर्ची नको. मला वर जायचंय."

फीत घेऊन उभा असलेला इंद्रजित बारामतीत जिम चालवायचा आणि दर हिवाळ्यात माणसं गोळा करून डोंगरावर न्यायचा. या खेपेला सुप्याकडची जुनी घोडवाट होती. पूर्वी हितनं घोड्यांवर माल चढायचा, वर पडक्या चौकीचा चौथरा होता. पायथ्याला मोठा फ्लेक्स लावलेला, 'वाट सगळ्यांची'. त्याच्याखाली टेबल, टेबलावर फिती. हिरवीवाले पार चौकीपर्यंत, पिवळीवाले मधल्या टाक्यापर्यंत. पांढरीवाल्यांनी चिंचंखाली बसायचं. त्यांना मांडववाल्याच्या लाल खुर्च्या आणि पोहे.

शहबाज सतरा वर्षांचा. शाळा सोडलेला, डोकं कायम तापलेलं. उजव्या गुडघ्याखाली जयपूर फूट. इंद्रजितनं त्याच्या तोंडाकडं बघायच्या आधी पँटकडं बघितलं, ते त्यानं बरोबर टिपलं होतं.

"पडलास तर तुझ्या अब्बांना मी काय तोंड दाखवू?"

"मी घरात पण पडतो दादा. मोरीत पडतो. तितं कुणी फीत बांधत न्हाय."

रांगेतलं कुणीतरी फिस्कन हसलं. इंद्रजित न्हाय हसला. त्यानं मनगट धरलं आणि गाठ मारून टाकली. "फोटोत तुला पुढं उभा करतो. बास?"

शहबाज तणतणत चिंचंखाली आला. तितं बनाबाई होत्या, वडगाव निंबाळकरच्या. सगळा जन्म वांग्या-टोमॅटोच्या रानात वाकण्यात गेलेला, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. पोह्याची प्लेट त्यांनी खुर्चीवर बसवली होती आणि स्वतः उभ्या होत्या.

"बसा की मावशी."

"मी काय पोहे खायला आले व्हय रं वडगावास्नं? पोहे माझ्या घरी बी हायती."

"गुडघं दुखत न्हाईत का?"

"दुखत्यात की. बसल्यावर बी दुखत्यात. मग चालून दुखू दे."

मैदानात स्पीकर लागला. हिरवीवाले हात वर करून उड्या मारायला लागले, वॉर्म-अप म्हणं. एकानं ड्रोन उडवला. झालं, सगळ्यांची तोंडं आभाळाकडं. घोडवाटंच्या तोंडाला काळं कुत्रं न्हवतं.

शहबाजची नजर तिकडं गेली. वाटंच्या एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला घसरडा उतार, मधी एक घोडं जाईल एवढीच जागा. दोन माणसं जोडीनं चालायची सोय न्हवती. तो बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं.

"मावशी, आपुन सगळ्यांच्या आधी सुटलो तर?"

बनाबाईंनी वाट बघितली. उड्या मारणारी माणसं बघितली. पदर खोचला आणि म्हणल्या, "काठी दे माझी."

पायऱ्या बसक्या होत्या, जनावराच्या बेतानं घातलेल्या. बनाबाई पुढं, एक हात कातळाला. शहबाज मागं, आधी चांगला पाय, मग दुसरा. एकदा दगड निसटला आणि शहबाज दाणकन हातागुडघ्यावर आला. बनाबाईंनी मागं वळून बघितलं, पण हात दिला न्हाय. नुसत्या थांबल्या. तो उठला, तळहाताला लागलेली माती पँटला पुसली.

शिट्टी वाजली तोवर दोघं पहिल्या वळणाच्या वर होते. हिरवीवाले धडाधड आले आणि मागं येऊन थटले. त्याच टायमाला बनाबाई दमल्या आणि वाटंत मधोमध फतकल मारून बसल्या.

"ओ, चला की!" खालनं कुणीतरी ओरडलं.

इंद्रजित सगळ्यांच्या अंगाला घासत, सॉरी सॉरी करत वर आला. शहबाजच्या मागच्या पायरीवर त्यालाही थांबायला लागलं. तितं वाट आणखी चिमटलेली, घासून पुढं जायला पण जागा न्हवती.

"अरे, बाजूला घे त्यांना!"

"बाजू हाय का?"

"तुमच्या दोघांपायी सगळी खोळंबलीत, शहबाज."

"मग काय झालं? कारखाना चालू झाला की उसाच्या डबल ट्रॉलीमागं खोळंबता का न्हाय? किती बी भारी गाडी असूद्या, हॉर्न वाजवून उपेग हुतो का?"

"खरंय ते," मागनं एक हिरवीवाला म्हणला आणि पायरीवर टेकून पाण्याची बाटली उघडली. त्याच्या मागचा पण टेकला.

इंद्रजितनं आवाज खाली घेतला. "हे बघ. तू सगळ्यात शेवटी ये. दोन पोरं देतो सोबत. चौकीपर्यंत नेतो तुला, शब्द देतो."

मघाशी टेबलापाशी एवढं म्हणला असता, तर शहबाज नाचला असता. त्यानं खाली बघितलं. चालताना त्याला आजवर लोकांच्या पाठीच दिसायच्या, आणि त्या पण लांब लांब जाणाऱ्या. आत्ता वळणापर्यंत नुसती तोंडं होती, घामेजलेली, चिडलेली, हसणारी, आणि सगळी त्याच्याकडं बघत होती.

वर काठी वाजली. बनाबाई कातळ धरून उभ्या राहिल्या होत्या.

"येतोस का रं, का गप्पाच हाणायच्यात?"

"दादा," शहबाज म्हणला, "मला निघायला पायजे आता."