जुलैपर्यंत टिकलेलं हिवाळी गवत

"सांगून पटायचं नाही कुणाला," डेलबर्ट म्हणाला, "पण हे माझं हिवाळी गवत आहे. ऑक्टोबरात पेरलेलं. आणि आज जुलै!"

ओसरीवर बसलेल्या वेंडेलने हिरव्यागार अंगणाकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या पाघळलेल्या डांबराकडे. "ॲरिझोनाच्या या भट्टीत? ऊन लागलंय तुला, लेका."

शेजारच्या खुर्चीत सिग्नी बर्फाचा चहा ढवळत होती. तिने अंगणाकडे पाहून मान डोलावली. डेलबर्टला तेवढंच हवं होतं.

सिग्नी दर थंडीत मिनेसोटाच्या बर्फातून पळून समोरच्या घरात राहायला यायची. "तुझं हिवाळी गवत आहे तोवर मी आहे," असं म्हणायची, आणि मे महिन्यात ते करपलं की बॅगा भरायची. यंदा डेलबर्टला वाटलं, या वयात पुढची थंडी कुणी पाहिलीय?

म्हणून मार्चपासून त्याने कापायच्या यंत्राचं पातं हळूहळू खाली आणलं. ऊन मुळाशी पोचलं, थंडीभर खाली झोपलेलं उन्हाळी गवत जागं झालं. वरचं मरत गेलं, खालचं वर येत गेलं. या अदलाबदलीत भल्याभल्यांचं अंगण पिवळं पडतं. त्याचं एक दिवसही पडलं नाही. आपला हातच तसा, असं तो मनाशी म्हणाला. मे गेला, जून गेला. सिग्नीच्या बॅगा कपाटावरच राहिल्या.

"पण जगवलंस कसं?" वेंडेलने विचारलं.

"मायेनं. कापताना गाणं म्हणतो मी."

"तुझं गाणं ऐकून मेलं म्हणाला असतास, तर पटलं असतं!"

सिग्नी खुदकन हसली. वेंडेल मात्र उठला, अंगणात उतरून वाकला आणि एक मुळी उपटून आणली.

"अरे खोटारड्या! ही गाठीगाठीची मुळी बघ, हे तर उन्हाळी गवत! सिग्नीबाई, फसवलं हो याने तुम्हांला. तुमचं हिवाळी गवत केव्हाच मेलं."

डेलबर्टने मान खाली घातली. आता बॅगा उतरणार.

"हळू बोला जरा," सिग्नी म्हणाली. "त्याला अजून वाटतंय, अंगण हातगुणामुळे पिवळं पडलं नाही. मे महिनाभर रोज पहाटे, हा उठायच्या आत, पिवळी पडलेली एकेक काडी मी वेचत होते. गुडघे गेले माझे."