दाराबाहेरच्या चपला

अमेरिकेहून आलेल्या बुटांचा खोका काखोटीला मारून भागीरथी तणतणत सुरतेतल्या उधन्याच्या मराठी शाळेत शिरली. खोक्यावर वर्गात बसलेल्या तिच्या सोनालीचा फोटो होता आणि खालचं इंग्रजी सोनालीनेच वाचून दाखवलं होतं: ‘अनवाणी मुलांसाठी’. लेकीला दिवाळीला हौसेने सँडल घेतलेल्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो पाठवणारी अमेरिकन मॅडम फळ्यापाशी शिकवत होती. भागीरथीने दाराबाहेरच्या चपलांच्या रांगेकडे बोट दाखवलं. “मॅडम, ह्या काय भुतं घालतात?” मॅडम गोंधळली. “पण वर्गात सगळे रोज अनवाणी...” मोडक्या मराठीत ती पुटपुटली. “विद्येच्या जागी चपला घालून शिरत नाहीत आमची पोरं!” भागीरथीने खोका तिच्या पायाशी आदळला. अख्ख्या वर्गात बूट फक्त त्याच दोन पायांत होते. “पाहुण्या म्हणून इतके दिवस तुम्हाला कोणी बोललं नाही. आता बूट बाहेर काढा.”