तणसाचा कावळा

भय्याजी मेले आणि टाळ्या पडल्या.

मेले म्हणजे मंडईच्या मांडवात सतरंजीवर आडवे झाले, पायाचे अंगठे बांधून घेतले आणि छातीपर्यंत पांढरं धोतर ओढलं. उशाशी पळसाच्या पानावर भाताचा गोळा होता. मोहाडीजवळच्या या गावात दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, नाचगाण्याची दंडार असते, नाटक असतं आणि तीन वर्षांपासून ही ‘कावळा शिवला’ स्पर्धाही असते. मेलेल्यानं मरायच्या आधी आपली शेवटली इच्छा चिठ्ठीवर लिहून कावळ्याला द्यायची. घरच्यांनी ती ओळखायची. ओळखली तर कावळा गोळ्याला चोच लावणार, नाही तर मढं तसंच पडून राहणार.

ही टूम दामिनीची. ती गावातली आशा सेविका. माणूस जातो आणि मागचे घाटावर भांडत बसतात, अग्नी कुणी द्यायचा, तेरवीला कुणाला बोलवायचं. त्यापेक्षा जिवंतपणी हसत सांगून टाका, असं तिचं म्हणणं. पहिल्या वर्षी म्हाताऱ्यांनी तिला शिव्या घातल्या. यंदा मरायला रांग लागली होती. रुखमिणीनं तर ‘तेरवीत सुनेच्या हातची भाजी नको’ असं लिहिलं आणि सगळ्या गावासमोर ते सुनेच्याच तोंडून वदवून घेतलं.

कावळाही दामिनीच. अंगावर काळी घोंगडी, तोंडाला पुठ्ठ्याची चोच. भय्याजीची चिठ्ठी तिनं वाचली, घडी घातली आणि मुठीत धरली. ती मूठ मग तिनं सोडलीच नाही.

भय्याजी तिचे सख्खे काका. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. ओळखायला घरचं माणूस एकच, भावजय चंद्रभागाबाई. दामिनीची आई. ती येऊन समोर बसली.

“सांगा काकू,” माइकवरून बाबूलाल ओरडला, “भय्याजीचा जीव कायच्यात अटकला?”

चंद्रभागाबाईनं लेकीच्या मुठीकडं पाहिलं, मग दिराकडं. मेलेले भय्याजी एक डोळा किलकिला करून दामिनीच्या हातांकडं बघत होते. चिठ्ठीत काय आहे ते तिला न वाचताच कळलं.

नऊ वर्षांपूर्वी वैनगंगेच्या वाटेवर हेच हात विस्तवाचं मडकं घेऊन बापाच्या तिरडीपुढं चालले होते. भर रस्त्यात याच माणसानं ते हिसकलं. “पोरीच्या हातानं बापाले गत नाही भेटत,” म्हणाला. ओढाताणीत निखारा पोरीच्या मनगटावर पडला, त्याचा डाग अजून आहे. आणि आता याला त्याच हातचा अग्नी पाहिजे. तोंडानं मागायची लाज वाटते, म्हणून खेळात मागतो आहे.

चंद्रभागाबाईला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

“मटन असन,” ती म्हणाली.

मांडव हसला. कावळ्यानं नकाराची मान हलवली.

“मंग दंडार पाहाची राहिली असन.”

कावळ्यानं पुन्हा मान हलवली.

“मंग खर्रा. चिमूटभर ठेवा तोंडात, जाते का नाही जीव पाहा.”

लोक पोट धरून हसले. आधी भय्याजीही हसले, मग त्यांचं हसू थांबलं. भाताच्या गोळ्यावर माशी बसली होती. कुणी हाकलली नाही.

दामिनीनं चोच बाजूला सारली आणि आईच्या कानाशी वाकली. “आई, तुले मालूम आहे.”

“मले काय मालूम?”

“सांगून टाक ना. कायले धरून बसली? मी करीन त्याईचं.”

“तू करशीन,” चंद्रभागाबाई म्हणाली. “म्हणूनच नाही सांगत.”

भय्याजी कोपरावर उठले. “वयनी,” ते म्हणाले. आवाज खेळातला नव्हता. “वयनी, मी तं...”

“मेलेला माणूस बोलत नाही, भाऊजी. निजा.”

दिवसभरातला सगळ्यात मोठा हशा त्यावर झाला. बाबूलालला माइक खाली ठेवावा लागला. भय्याजी निजले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

“आता कसं करावं?” हसणं ओसरल्यावर बाबूलाल म्हणाला. “कावळा तं शिवूनच नाही राहिला. दंडारवाले खोळंबून राहिले तिकडं.”

घाटावर कावळा नाही आला तर काय करतात, ते सगळ्यांना माहीत होतं. गवताचा कावळा करतात, तो पिंडाला टेकवतात आणि घरी जातात. मांडवात बसायला धानाचं तणस पसरलं होतं. चंद्रभागाबाईनं बसल्याजागी चार काड्या उपसल्या. जन्मभर पेंढ्या बांधलेले हात ते, त्यांना वेळ लागला नाही. एक गाठ चोचीची, दोन पिळे पंखांचे. तिनं तो कावळा भाताच्या गोळ्याला टेकवला.

“शिवला,” ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. बाबूलालनं अंगठे सोडले. भय्याजी उठून बसले, पण त्यांनी दामिनीकडं पाहिलं नाही. दामिनी घोंगडीच्या आत मनगट चोळत उभी होती.

चंद्रभागाबाईनं दिराची मूठ उघडली, तणसाचा कावळा तिच्यात ठेवला आणि एकेक बोट मिटवलं.

“ठेवा जपून,” ती म्हणाली. “कामी पडन.”