पाचवीचा कागद

पाचवीची पूजा मांडताना आईने पाट्यापुढे एक कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते ना. टाके ओढले जात होते, तरी मी वाकून शेजारी दुसरा कागद ठेवला.

"जो राहिलाच नाही, त्याचं काय लिहायचंय तिने?" आई म्हणाली.

"दोघं होते ना माझ्या पोटात?"

मुलगी सुखरूप झाली होती. तिच्यामागून मुलगा आडवा आला; सिझर करेपर्यंत गेला होता.



सकाळी पाहिलं, तर पाट्यापुढे तीन कागद.

"आई, तिसरा कोणाचा?"

ती दुपट्याची घडी मोडून पुन्हा घालत राहिली.

"तुझ्या आधीचा," ती म्हणाली. "तोही आडवाच आला होता."