कनकामामींचं कोलम

सुंठ बांधलेली होती.

खिडकीच्या गजाला दोरी, दोरीला पट्टा, पट्ट्यात सुंठ. विद्युलताने गाठ ओढून पाहिली. घट्ट. सुंठ जांभई देत तिच्याकडे बघत होती.

मग बाहेर फाटकापाशी तांदळाच्या पिठावर पाय फिरवतंय ते कोण?

*

गल्लीतलं बोलणं, गेल्या आठवड्यातलं:

— आज पण पुसलं?

— आज पण. त्या महाराष्ट्रातल्या बाईचं कुत्रं.

— कसलं गं ते? कान लोंबते, दाढी बोकडाची.

— अर्धं टेरियर, अर्धं हाउंड म्हणे.

— पुसतं मात्र पूर्ण.

*

मार्गळीचा, म्हणजे तमिळ मार्गशीर्षाचा, महिना होता. या महिन्यात मैलापूरच्या त्या गल्लीत पहाटेच दारोदारी कोलम, तांदळाच्या पिठाची ठिपक्यांची रांगोळी, पडायचं, आणि देवळात निघालेल्या बायका वाट वाकडी करून कनकामामींचं कोलम बघायला यायच्या. फाटक एकच, बिऱ्हाडं तीन: खाली डावीकडे मामी, उजवीकडे विद्युलता आणि तिचा नवरा दर्शन, वर मामींचे धाकटे दीर राघोत्तमराव. घर त्यांचं.

विद्युलता साताऱ्याहून आली, तेव्हा या शहरात तिच्याशी मराठीत पहिल्यांदा बोलल्या त्या मामीच. "जेवलीस काय गे?" तंजावूरची जुनी मराठी, तमिळ हेलातली. त्यानंतर सुंठ आली. दर्शन सकाळी ऑफिसला जायला शोळिंगनल्लूरच्या बसमध्ये बसला की रात्रीपर्यंत तिला बोलायला सुंठच. "नाक हाउंडचं, हट्ट टेरियरचा," दर्शन म्हणायचा, "अक्कल द्यायची दोघंही विसरले."

सुंठने कोलम चाटलं होतं, हे खरं. एकदा. फाटक उघडं राहिलं आणि पिठाचा वास तिच्या नाकाला पुरेसा होता. त्या दिवशी मामी हसल्या होत्या.

मग कोलम रोज पुसलं जाऊ लागलं. मामी हसेनाशा झाल्या. राघोत्तमरावांनी निकाल दिला: कुत्रं ठेवा नाहीतर घर ठेवा. दर्शनच्या ऑफिसातल्या कुणाचं तरी चेंगलपेटकडे शेत होतं. सुंठला तिकडे न्यायला रविवारी सकाळी गाडी येणार होती.

आज रविवार. सुंठला शेवटचं नीट पाहून घ्यावं म्हणून विद्युलता अंधारातच उठली होती.

*

गजांमधून दिसलं ते असं.

सडा टाकून ओली केलेली जमीन. त्यावर वाकलेल्या मामी. चिमटीतून ठिपका पडायचा तिथे पिठाचा गोळा पडला. दुसरा ठिपका ओळ सोडून. मामींनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. रेघ निघाली, थरथरली, तुटली. पुन्हा धरली. पुन्हा तुटली.

मामींनी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग पदर खोचला आणि सगळ्यावरून तळपाय फिरवला. सावकाश, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग खाली बसल्या. बोटांची टोकं जुळवून पिठात टेकवली. उचलली. थोडी पुढे टेकवली.

कुत्र्याचे पंजे उमटले. हुबेहूब.

त्या वेळी मात्र हात कापला नाही.

*

"काय हे! आज पण?" राघोत्तमराव दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली आले होते. "विद्युलताबाई! बाहेर या जरा!"

ती बाहेर आली. समोरच्या दोन दारांतून बायका डोकावल्या. मामी भिंतीला टेकून उभ्या होत्या, दोन्ही हात पदराखाली.

"बांधायला सांगितलं होतं की नाही तुम्हाला?"

विद्युलताच्या जिभेवर अख्खं वाक्य तयार होतं. बांधलेलीच आहे. या, बघा, गाठ बघा. तेवढं म्हटलं की सुंठ वाचत होती. चेंगलपेटची गाडी रिकामी परत जात होती.

तिने मामींकडे पाहिलं. मामी तिच्याकडे बघत नव्हत्या. तिच्या खिडकीकडे बघत होत्या. उघड्या खिडकीकडे, गजांवर ओढून बांधलेल्या दोरीकडे. पदर हलत होता. वारा नव्हता.

"दोरी सुटली असेल," विद्युलता म्हणाली. "चुकलं माझं."

"चुकलं काय, रोजच चुकतंय! आज जातं ना ते? मिटलं तर मग."

ती आत जायला वळली. डोळे भरून आले होते आणि ते त्या बायकांना दिसायला नको होते.

"राघोत्तमा," मागून मामींचा आवाज आला. "तक्रार माझी होती ना? मी मागे घेतली."

"वहिनी, तुम्हीच तर..."

"पावम, बिचारं मुकं जनावर. पुसूं दे. पीठ काय कमी पडलंय आपल्याकडे?" आणि मग, त्याहून हळू, "कुत्रं गेलं तर मी काय सांगू, रे?"

राघोत्तमरावांना यातलं काही कळलं नाही. वहिनींचं वाक्य मोडायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून ते दुधाच्या पिशव्या घेऊन वर गेले. बायकांनी दारं लोटली.

विद्युलताने दर्शनला हलवून उठवलं. "फोन कर त्यांना. गाडी नको म्हणावं."

"काय झालं?"

"काही नाही. सुंठ राहतेय."

*

सोमवारी ती मामींच्याही आधी उठली आणि खिडकी लावून घेतली. बाहेर पाणी शिंपडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग तळपाय जमिनीवरून घासत गेल्याचा आवाज, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मामींचं दार लागलं.

देवळात निघालेल्या बायकांची पावलं गल्लीच्या तोंडाशी वाजली, तेव्हा विद्युलता पायात चपला न घालताच फाटकाकडे धावली.

"सटवे! पुन्हा पुसलंस? लाज वाटत नाही मेले, एवढं सुंदर काढलं होतं मामींनी!"

सुंठ आत स्वयंपाकघरात, ओट्याखाली, दाढी पोटात खुपसून गाढ झोपली होती.