बेकारीचं कार्ड

पिंपरीच्या कारखान्यात लागला, तर कोंडाजीला महिना सत्तर रुपये मिळणार होते. हैबतरावांच्या भातखाचरात सवा रुपया रोज मिळायचा. म्हणून त्यानं पुण्याच्या रोजगार कचेरीत बेकार म्हणून नाव नोंदवून कार्ड काढलं. कार्ड चालू ठेवायला महिन्यातून एकदा तिथं जावं लागे. एसटीचं भाडं जायचं आणि त्या दिवसाचा रोजही बुडायचा.

तिसरी खेप नेमकी ऐन लावणीत आली. दुसऱ्या दिवशी कोंडाजी खाचरावर गेला, तर वर्षभर पारावर बसून असलेला गेणबा त्याच्या जागी रोपं लावत होता.

"कोंड्या, सरकारदरबारी तू बेकार हायेस," बांधावरून हैबतराव म्हणाले. "तुला कामाला लावून मी सरकारला खोटं पाडू व्हय?"

चौथ्या खेपेला कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "अजून बेकारच का?"

"व्हय सायेब. तीन खेपा खोटं बोललो, आज खरं हाय."

कारकुनानं शिक्का मारला. "म्हणजे या कार्डावर काम काही लागलं नाही म्हणायचं."

"लागलं की! गेणबाला लागलं. भाडं तेवढं माझं गेलं."